सव्वाबारा इंची होलचे स्टॅबिलायझर : मुंबई हायवरच्या एका विहिरीच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी, मुंबई ऑफिस

विहिरीचा प्रोफाइल, म्हणजे तिच्या वाटेचा आराखडा, मंजूर होऊन आला. समुद्रातल्या या तेलक्षेत्रावरचा जुना वेलहेड प्लॅटफॉर्म (विहिरींची तोंडं असतात तो), पाणी ७५ मीटरच्या आसपास. जॅक-अप रिग शेजारी पाय रोवून कँटिलिव्हर (रिगचा पुढे सरकणारा भाग) रिकाम्या स्लॉटवर, म्हणजे नव्या विहिरीच्या जागेवर, सरकवणार. ३०० मीटरवर किक-ऑफ (इथून विहीर उभी रेषा सोडते), दर ३० मीटरला ३ अंश चढवत उभ्या रेषेपासून ४२ अंश गाठायचे आणि तिथून एल-थ्री या तेलाच्या चुनखडकाच्या माथ्यापर्यंत तोच अँगल धरून जायचं. चढाव सगळा साडेसतरा इंची होलमध्ये आटपेल. धरून ठेवायचा भाग सव्वाबारा इंची, ७४० पासून १५५० मीटरपर्यंत. खाली साडेआठ.

माझ्या वाट्याला स्टॅबिलायझरची यादी आली आहे. स्टॅबिलायझर, बोलीत स्टॅब, म्हणजे बाहेर काढलेल्या पात्यांचा पाइपचा जाड तुकडा, होलच्या भिंतीला टेकून बिटला (खोदणाऱ्या टोकाला) दिशेत ठेवणारा. मागच्या विहिरीची यादी सोबत जोडलेली, ती त्याच्या मागच्या विहिरीवरून उतरवलेली, आणि ती कुठून आली ते शोधत बसलो तर सागर सम्राट या मुंबई हायवरच्या पहिल्या रिगपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत मागे जावं लागेल असं वाटतं. प्रत्येक मापाचे सहा स्ट्रिंग स्टॅब (वर, पाइपांच्या मधे बसणारे), दोन निअर-बिट (बिटला लागून बसणारे), सगळे 'फुल गेज', म्हणजे होलच्या पूर्ण व्यासाचे. त्यातले निम्मे रिगवर जातात, पाइप डेकवर ऊन खातात आणि भाडं लावून परत येतात.

यादीला हात लावण्याआधी एक ठरवलं. प्रत्येक स्टॅबसमोर त्याचं काम एका ओळीत लिहायचं. ओळ लिहिता आली नाही तर तो स्टॅब यादीतून बाद.

१० जानेवारी

याच प्लॅटफॉर्मवरच्या आधीच्या विहिरींचे बीएचए (बिटपासून वरची तळाची असेंब्ली) रिपोर्ट आणि सर्व्हे (अँगलची मोजमापं) काढून बसलो. वरचा चिकण मातीचा जाड पट्टा, मग शेल, मधूनमधून वाळूमिश्रित आणि चुनखडीचे थर, मग एल-थ्री. दगड तसा मऊच. बिट सहसा त्रास देत नाही, त्रास देतो तो अँगल.

सव्वाबारामध्ये चित्र सगळीकडे सारखं आहे. शू, म्हणजे आधीच्या केसिंगचं (होलला आतून लावलेल्या पोलादी नळीचं) टोक, ड्रिल करून बाहेर पडल्यावर पहिले चार-पाचशे मीटर रोटरीत (सगळा पाइप फिरवत) अँगल छान बसतो, ४२ चे ४२. मग पडायला लागतो. शेवटच्या तीनशे मीटरमध्ये दर ३० मीटरला ०.३ ते ०.५ अंश. डीडी (दिशा सांभाळणारा ड्रिलर) मग प्रत्येक दुसऱ्या स्टँडला (जोडून ठेवलेल्या पाइपांच्या संचाला) स्लाइड मारून, म्हणजे पाइप न फिरवता फक्त मोटरने कापून, वर उचलतो, आरओपी (खोदण्याचा वेग) बसतो, होल वळवळीत होतं आणि केसिंग उतरताना सगळे देवाचं नाव घेतात.

रिपोर्टमध्ये कारण एकाच शब्दात दिलेलं : 'फॉर्मेशन', म्हणजे दगडाचा थर. फॉर्मेशनचा हा फायदा आहे, ते कधी खुलासा मागत नाही. पण तसं म्हणावं तर पडझड एकाच थरापाशी सुरू व्हायला हवी. सर्व्हे खोलीवर मांडले तर ती वेगवेगळ्या थरांत सुरू होते. रोटेशनच्या तासांवर मांडले तर मात्र बऱ्यापैकी एका जागी येते.

म्हणजे काहीतरी झिजतंय.

१३ जानेवारी

आज गणित. मोटर (मडच्या, म्हणजे ड्रिलिंगच्या द्रवाच्या, दाबावर बिट फिरवणारी) ८ इंची, १.१५ अंशाचा बेंड. मोटरच्या बेअरिंग हाउसिंगवर स्लीव्ह स्टॅब (मोटरवर चढवलेलं पात्यांचं नळकांडं) १२ १/८ इंच, बिटपासून साधारण ३ फुटांवर. मोटरच्या डोक्यावर स्ट्रिंग स्टॅब, बिटपासून ३३ फुटांवर. मोटर फिरत असताना बेंडचा परिणाम सगळ्या बाजूंना वाटला जातो, त्यामुळे रोटरीत अँगल ठरतो तो बिट, स्लीव्ह आणि वरचा स्टॅब या तीन टेकूंवर. तीन बिंदूंतून एकच वर्तुळकंस जातो, बाकी सगळं त्यावर चढवलेलं.

तिरप्या होलमध्ये हे तिन्ही टेकू खालच्या भिंतीवर बसतात. वरचा स्टॅब लहान केला की मोटरचं डोकं खाली बसतं, बिटचं तोंड वर होतं, अँगल चढतो. स्लीव्ह लहान झाली की नेमकं उलट : कंबर बसते, तोंड खाली जातं, अँगल पडतो.

आता किती? कॉलरचं (बिटच्या वरच्या जाड, जड पाइपचं) ओझं, झोळ, बिटवरचं वजन हे सगळं बाजूला ठेवून नुसती भूमिती केली. वरच्या स्टॅबचा व्यास १/८ इंचाने कमी केला तर दर १०० फुटांना जेमतेम ०.०६ अंश चढ. स्लीव्हचा व्यास तेवढाच, १/८ इंचाने, कमी झाला तर दर १०० फुटांना ०.६६ अंश उतार. अकरापट. आणि ते अकरा कुठून आले तेही दिसतं : ३३ भागिले ३.

प्रत्यक्षात आकडे इतके टोकाचे येत नाहीत. बिट बाजूला कापतं, कॉलरला लवचिकपणा असतो, होल गेजपेक्षा मोठं निघतं. पण प्रमाण हेच राहतं. आम्ही बैठकांमध्ये वरचा स्टॅब १२ घ्यायचा की पावणेबारा यावर तास घालवतो आणि बिटजवळची स्लीव्ह मोटरबरोबर जी येईल ती घेतो.

१४ जानेवारी

मोटर देणाऱ्या कंपनीकडून मागच्या रनचे सर्व्हिस रिपोर्ट मागवले. एका पानावर शेवटच्या कोपऱ्यात, हाताने लिहिलेलं : स्लीव्ह आत येताना १२ १/८, परत जाताना १२. दुसऱ्या विहिरीच्या कागदावर गेजचा रकानाच कोरा. तिसऱ्यावर '१२ +'. तो अधिक म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

एवढ्यावर कोर्टात केस उभी राहणार नाही, पण माझ्यापुरता निकाल लागला.

१६ जानेवारी

कंपनी मॅनबरोबर (रिगवरचा तेल कंपनीचा प्रमुख) कॉल. त्यांची इच्छा : सव्वाबारामध्ये पॅक्ड असेंब्ली. स्लीव्ह, वर स्टॅब, एमडब्ल्यूडीच्या (खोदतानाच अँगल मोजणाऱ्या उपकरणाच्या) वर आणखी एक, ३० फुटांवर आणखी एक. 'अँगल हलायलाच नको.' माणूस अनुभवी, सरळ रोटरीच्या काळातला. त्या काळात आडाखे स्वच्छ होते : बिटला लागून स्टॅब आणि वर साठ-नव्वद फूट मोकळं ठेवलं की अँगल चढतो, बिटजवळचा काढून पहिला स्टॅब तीस ते साठ फुटांवर नेला की लंबकासारखा उतरतो, आणि जवळजवळ तीन-चार लावले की धरून ठेवतो. हे आजही खोटं नाही.

माझं म्हणणं असं की मोटर असेंब्लीत दुसऱ्या स्टॅबनंतर लावलेला प्रत्येक स्टॅब अँगलमध्ये फार थोडी भर घालतो आणि टॉर्कमध्ये बरीच. चिकण मातीत तो बोळा होऊन बसतो. आणि उद्या काही अडकलं, तर फिशमध्ये (होलमध्ये अडकून राहिलेल्या सामानात) जितके स्टॅब तितकी पंचाईत, कारण वॉशओव्हर पाइप (अडकलेल्या सामानाभोवती उतरवायची मोठी नळी) ब्लेडवरून जात नाही. पहिल्या ब्लेडवर येऊन थांबतो, मग ते ब्लेड दळत बसायचं.

तडजोड : एमडब्ल्यूडीच्या वर एक तिसरा, पावणेबारा इंची. त्याचं काम अँगल धरणं नाही, कॉलरला भिंतीवर लोळण्यापासून थोडं उचलून धरणं. ओळ लिहिता आली, म्हणून यादीत घेतला. चौथा बाद.

ॲडजस्टेबल गेजचा विषयही निघाला. पंपाच्या दाबाने ब्लेड आत-बाहेर करता येतात, वरून बसून अँगल सांभाळता येतो. भाडं ऐकून विषय आपोआप मिटला. रोटरी स्टिअरेबल (पाइप फिरत असतानाच दिशा बदलणारं साधन) तर बजेटमध्ये नव्हतंच.

२० जानेवारी

प्रकार ठरवले.

वेल्डेड ब्लेड : स्वस्त, पात्या सडसडीत, मऊ मातीत मोकळे. पण पाती वेल्डवर उभी असते. कडक थरात किंवा स्टिक-स्लिपमध्ये (पाइप अडकत-सुटत फिरताना) एखादी सुटली तर होलमध्ये लोखंड पडलं. फक्त साडेसतराच्या वरच्या भागासाठी मान्य.

बदलत्या स्लीव्हचे : मँड्रेल (आतलं अंग) एकच, स्लीव्ह बदलून गेज बदलता येतं. समुद्रात ही सोय मोठी आहे, कारण बंदरातून नवा स्टॅब यायचा तर बोट हवी, आणि बोट म्हणजे रात्रभराचा प्रवास, क्रेनची वेळ आणि हवामानाची मर्जी. सव्वाबाराचा एक स्टॅब पाचशे किलोच्या घरात जातो, जुहूहून हेलिकॉप्टरने मागवायची ती वस्तू नाही. पण मँड्रेल आणि स्लीव्हच्या जोडात आणखी एक धागा (आटे) येतो, आणखी एक गळायची जागा. घेतला नाही.

इंटिग्रल ब्लेड : एकाच फोर्जिंगमधून, ४१४५एच स्टील, कडकपणा २८५ ते ३४१ ब्रिनेल. सव्वाबारा आणि साडेआठसाठी हाच.

पाती सरळ की पिळाची यावर फार विचार नाही केला. रोटरीत होलच्या भिंतीला सगळीकडून टेकू हवा, म्हणून पिळाची, उजव्या हाताची. सरळ पात्या स्लाइडमध्ये बऱ्या, पण फिरताना आदळतात.

पाती तीन की चार? इथे मातीचा प्रश्न येतो. सव्वाबाराच्या होलचं क्षेत्रफळ ११७.९ चौरस इंच. ८ इंची अंग त्यातून गेलं की उरतात ६७.६. बारा इंची स्टॅबची पाती २ इंच उंच, ३ इंच रुंद. तीन पात्या १८ चौरस इंच खातात, उरतात ४९.६, म्हणजे ७३ टक्के वाट मोकळी. चार केल्या की ६४ टक्के. चिकण मातीचा कचरा त्या नऊ टक्क्यांत अडतो की नाही हे कागदावर सिद्ध होत नाही, पण शेल शेकरवर (मडमधला कचरा गाळणाऱ्या चाळणीवर) मुठीएवढे गोळे येताना ज्याने पाहिलेत तो तीनच पात्या मागतो.

हार्डफेसिंगवर (पातीवरच्या कडक थरावर) मात्र हट्ट धरला. वरच्या स्टॅबला साधं चुरा-कार्बाइड चालेल. मोटरच्या स्लीव्हला टंगस्टन कार्बाइडचे ठोकळे दाटीने बसवलेलं हवं, पातीच्या पुढच्या कडेलाही. मोटर कंपनी म्हणाली, स्टँडर्ड स्लीव्हवर येत नाही, वेगळे पैसे पडतील. पडू देत. स्लाइडमध्ये जाणाऱ्या एका दिवसाच्या रिग भाड्यापुढे ती रक्कम कुठेच नाही.

२४ जानेवारी, यार्ड

पनवेलच्या बाजूला भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या यार्डात माल पाहायला गेलो. ऊन कडक. स्टॅब लाकडी ओंडक्यांवर मांडून ठेवले होते, नुकताच रंग मारलेला. रंग ताजा दिसला की मला जरा धास्तीच वाटते.

सव्वाबाराचा पहिला. सर्टिफिकेटवर १२.००० इंच. रिंग गेज (मापाचं कडं) चढवली तर ती सरकली, तशी सरकायलाच हवी. पण फार सुखाने सरकली. तिन्ही पात्यांवर रिंग एका बाजूला दाबून दुसऱ्या बाजूला फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातली. दोन ठिकाणी १/३२ ची पट्टी अलगद गेली, तिसऱ्या पातीच्या खालच्या टोकाला दोन पट्ट्या एकत्र. मधे गेज बरोबर, टोकाला झिजलेलं. नुसती टेप लावली असती तर मधलाच आकडा मिळाला असता. फडक्याला थिनर लावून टोक पुसलं. रंगाखाली कार्बाइडचा पट्टा नव्हताच, चकाकतं नागडं स्टील होतं, आणि त्यावर बारीक जाळी, उन्हाने भेगाळलेल्या चिखलासारखी. घासून तापल्याची खूण.

यार्डातले फोरमन बाजूला उभे होते. म्हणाले, "साहेब, सर्टिफिकेट आहे की. महिन्यापूर्वीचंच."

मी म्हटलं, "काका, सर्टिफिकेट होलमध्ये नाही ना जाणार. ही पाती जाणार."

ते हसले, आणि खरं सांगायचं तर त्यांनीच मग आतल्या रांगेतला दुसरा दाखवला. 'हा घ्या, हा अजून बाहेर गेलेला नाही.' तो मापात निघाला. पहिल्याच्या पिनवर (जोडाच्या नर टोकावर) एमपीआय (चुंबकीय कणांनी भेगा शोधणं) केलं तर धाग्याच्या मुळाशी काही नव्हतं, पण मी तो घेतला नाही. त्यांना ब्लेड पुन्हा भरून आणायला सांगितलं.

नॉन-मॅग (चुंबकाला न धरणाऱ्या स्टीलच्या) स्टॅबला एमपीआय लागू पडत नाही, चुंबकच धरत नाही तर कण कुठे चिकटणार. डाय पेनिट्रंट (रंगाने भेगा दाखवणं) केलं. धाग्यांवर चिकटून ओढल्याच्या खुणा आहेत का ते बोटाने चाचपून पाहिलं, नॉन-मॅग स्टीलचा हा जुना रोग आहे. ग्रीस चोपडून, हळू फिरवून जोडायचं असं रिगसाठी वेगळं लिहून ठेवलं.

फिशिंग नेकची (अडकल्यास पकडायच्या मानेची) लांबी, आतला बोर, खांद्याचा चपटेपणा, सगळं मोजून वहीत. निअर-बिट यादीत नसला तरी एक उचलला, ६ ५/८ रेग (जोडाचा प्रकार), दोन्हीकडे बॉक्स (मादी टोक), फ्लोट (उलटा प्रवाह अडवणारी झडप) बसवायला आतून बोर केलेला. मोटर नादुरुस्त झाली आणि साधी रोटरी असेंब्ली उतरवायची वेळ आली तर. त्याची ओळ तीच.

२९ जानेवारी

माल नाव्हाहून बोटीवर चढला. मॅनिफेस्टवर 'स्टॅबिलायझर ७ नग' एवढंच. मी प्रत्येकाला नंबर, गेज आणि कनेक्शन लिहिलेला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधून पाठवला. डेकवरचे सगळे स्टॅब एकसारखे दिसतात आणि रात्रपाळीला तर १२ आणि पावणेबारा यांतला फरक कुणालाच दिसत नाही.

५ फेब्रुवारी, रिग

साडेसतरा संपलं. यात माझं फारसं काही नव्हतं. मोटरच्या स्लीव्हशिवाय एकच स्ट्रिंग स्टॅब, साडेसोळा इंची, वेल्डेड, सरळ पात्यांचा. मऊ माती, स्लाइड भरपूर, त्यामुळे सरळ पाती इथे उपयोगी. चढाव मिळाला, ४१.६ अंशांवर शू. स्टॅब वर आला तेव्हा दोन पात्यांमधल्या खाचा मातीने गच्च भरलेल्या, वरून बघितलं तर गुळगुळीत नळकांडंच. रॉस्टअबाउट (डेकवर पडेल ते काम करणाऱ्या) मुलांनी पाण्याच्या जेटने धुतला तेव्हा खाली पात्या आहेत हे कळलं. हाच चार पात्यांचा पिळाचा असता तर बहुतेक वर येताना बूचच बसलं असतं.

१३ ३/८ केसिंग गेलं, सिमेंट झालं.

९ फेब्रुवारी

सव्वाबाराची असेंब्ली उतरवताना फ्लोअरवर उभा होतो. क्रम : पीडीसी बिट, मोटर (स्लीव्ह १२ १/८, कार्बाइड ठोकळ्यांची), फ्लोट सब, स्टॅब १२, एमडब्ल्यूडी, नॉन-मॅग स्टॅब पावणेबारा, नॉन-मॅग कॉलर, ८ इंची कॉलर, जार (अडकल्यास हिसका देणारा), हेवीवेट (जाड पाइप). प्रत्येक स्टॅब रोटरी टेबलातून खाली जाण्याआधी रिंग गेज पुन्हा चढवली. ड्रिलर जरा वैतागला, पण थांबला. टूलपुशरने (रिगच्या मुख्य फोरमनने) त्याच्या टॅली बुकात गेज लिहून घेतलं, हे मात्र मी सांगितलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

शू ड्रिल होऊन बाहेर. पहिले सर्व्हे : ४१.७, ४१.८, ४१.९. दर ३० मीटरला ०.१ च्या आसपास चढ, आणि हळूच उजवीकडे ओढ. हवा होता तसाच. स्लीव्ह थोडी झिजणार हे धरून वरचा स्टॅब मुद्दाम १२ घेतला होता. सुरुवातीला जरा चढावं आणि झिजेबरोबर सपाट व्हावं, असा हिशेब.

कंपनी मॅन म्हणाले, 'चढतोय की.' म्हटलं, थांबा.

टॉर्क मागच्या विहिरींपेक्षा किंचित जास्त आहे. ठोकळ्यांची स्लीव्ह भिंतीला जास्त खरवडते, ते अपेक्षित. आरपीएम वाढवल्यावर स्टिक-स्लिप थांबला.

११ फेब्रुवारी

१२०० मीटरपर्यंत अँगल ४२.९. इथून सपाट. १३०० ला ४३.०. वाळूमिश्रित पट्ट्यातून गेलो, मागच्या विहिरींत साधारण याच तासांना पडझड सुरू व्हायची. नाही झाली. डीडीने अझिमथसाठी (होलच्या डाव्या-उजव्या दिशेसाठी) दोन-चार स्लाइड मारल्या, अँगलसाठी एकही नाही. तो रात्री मेसमध्ये जेवताना म्हणाला, या रनला मला पगार कशाचा द्यायचा?

१२ फेब्रुवारी

१५५० ला पोचलो, अँगल ४२.६. शेवटच्या टप्प्यात थोडा उतरला, दर ३० मीटरला ०.१ च्याही खाली.

वर काढताना १०४० च्या आसपास ओव्हरपुल (पाइपच्या वजनाहून जादा ओढ). २० टन, सोडलं, पुन्हा ओढलं, २५. खाली जाता येतं, वर येता येत नाही. खोली जुळवून पाहिली : अडकत होता तो तिसरा, पावणेबारा इंची. बिट त्या जागेच्या बरंच खाली. माती फुगून होल आवळलं असावं. टॉप ड्राइव्ह (वरून पाइप फिरवणारं यंत्र) जोडला, पंप लावले, दोन स्टँड बॅकरीम करत (फिरवत, कापत) सावकाश वर आलो. शेकरवर मऊ, चकचकीत कपचे आले, शेलचे.

कंपनी मॅनचं मत : तिसरा स्टॅब पूर्ण गेजचा असता तर जाताना होल नीट पुसलं गेलं असतं. माझं मत : तिसरा नसता तर अडकायला काही नसतं. दोघांनीही आपापलं रिपोर्टमध्ये लिहिलं. मड इंजिनिअरने मधे पडून मातीचं फुगणं रोखायला पॉलिमर वाढवायचं सुचवलं, आणि आम्हा दोघांपेक्षा त्याचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. आवळलेलं होल हा आधी मडचा प्रश्न, स्टॅबचा नंतर.

१३ फेब्रुवारी

असेंब्ली फ्लोअरवर. स्लीव्ह धुऊन रिंग घातली : व्यासात १/३२ झीज, ती पण एकाच पातीच्या पुढच्या कडेला जास्त. ठोकळ्यांपैकी एक गळालेला, बाकी जागेवर. वरचा १२ चा स्टॅब जसाच्या तसा. हे गणिताला धरूनच : बिटजवळचा टेकू सगळा भार खातो, वरचा नुसता बसून असतो. तिसऱ्याच्या वरच्या उतारावर मातीचा घट्ट थर आणि त्यावर आडव्या रेघा, बॅकरीममध्ये पडलेल्या.

उताराचा कोन बघून ठेवला. वरच्या बाजूचा उतार खालच्याएवढाच आखूड आहे. वर येताना कापत यायला तो लांबट आणि कार्बाइड लावलेला असता तर बरं झालं असतं. यार्डाला विचारायचं.

१९ फेब्रुवारी

९ ५/८ केसिंग तळापर्यंत, फिरवायची वेळ आली नाही. साडेआठ सुरू.

इथे हिशेब वेगळा. एल-थ्रीतून इतकी वर्षं तेल निघालंय की दाब उतरलेला आहे. मड जरा जड झालं की चुनखडकाच्या भेगा-पोकळ्या ते पिऊन टाकतात, आणि मडचा दाब थराच्या दाबाहून जितका जास्त तितकी पाइप भिंतीला चिकटून बसायची भीती. अशा चिकटण्यात, म्हणजे डिफरन्शियल स्टिकिंगमध्ये, स्टॅब मित्र असतो, कॉलरला भिंतीपासून दूर ठेवतो. पण मड गायब होऊन कचरा वर येईनासा झाला की तोच स्टॅब कचऱ्यात रुततो. दोन भीतींमधून वाट काढायची.

निर्णय : ६ ३/४ मोटरवर स्लीव्ह ८ ३/८, वर एकच स्टॅब सव्वाआठ, नॉन-मॅग. बस. साध्या कॉलरऐवजी पिळाच्या कॉलर आणि त्याही मोजक्याच, बाकी वजन हेवीवेटवर. भिंतीला टेकणारा भागच कमी केला. कंपनी मॅननी यावेळी आणखी स्टॅब मागितला नाही. फिश झाली तर वॉशओव्हर कुठवर जाईल, एवढंच विचारलं.

रोलर रीमरचा (पात्यांऐवजी रोलर असलेल्या साधनाचा) प्रस्ताव एका पुरवठादाराकडून आला होता. दगड कडक असेल, दख्खनच्या बसाल्टमध्ये शिरायचं असेल, तर निअर-बिटच्या जागी तो घ्यावाच, टॉर्क उतरतो आणि गेज टिकतं. या चुनखडकात त्याला काम नाही.

२१ फेब्रुवारी

१६१० ला लॉस सुरू (मड थरात जाऊ लागलं), आधी थोडा, मग परतीचा प्रवाहच बंद. एलसीएमच्या (भेगा बुजवणाऱ्या पदार्थाच्या) पिल दिल्या. अर्धवट परत आला. मोटर आणि एमडब्ल्यूडीमधून किती जाडीचं एलसीएम जाईल हे आधीच ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. प्रत्येक कनेक्शनला पाइप स्थिर ठेवायचा वेळ कमीत कमी. ड्रिलरचं हे काम पाहण्यासारखं होतं. स्लिप (पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरी) बसायच्या आधी हातात पुढचा स्टँड.

२३ फेब्रुवारी

१८०० ला विहीर संपली. वर काढताना अडथळा नाही. साडेआठच्या स्लीव्हची झीज मोजण्याइतकीही नाही. चुनखडक मऊ आणि रन छोटा, त्यामुळे यावरून काहीच ठरवता येत नाही.

२८ फेब्रुवारी, मुंबई ऑफिस

माल यार्डात परत. पुढच्या स्लॉटसाठीची यादी आजच पाठवली, मागची ताजी असताना.

सव्वाबारामध्ये : मोटर स्लीव्ह १२ १/८, ठोकळ्यांची, दोन नग, दुसरी रिगवर हजर असायला हवी, कारण मोटर बदलली की स्लीव्हही बदलते. वरचा स्टॅब १२, एक, आणि एक राखीव. तिसरा पावणेबारा आता ऐच्छिक, आणि घ्यायचा तर वरच्या उतारावर कार्बाइड असलेला. यार्डाने दहा दिवसांत बनवून देतो म्हटलंय, लेखी मागितलं आहे. निअर-बिट एक, तसाच. एकूण यादी मागच्यापेक्षा निम्म्याहून कमी.

मोटर कंपनीच्या सर्व्हिस रिपोर्टच्या नमुन्यात 'स्लीव्ह गेज : जाताना / येताना' हा रकाना सक्तीचा करा, तिन्ही पात्यांचे आकडे वेगळे, '+' चालणार नाही, असं पत्रात घातलं. त्यांच्याकडून उत्तर आलेलं नाही.

कंपनी मॅनचा फोन येऊन गेला. पुढच्या विहिरीत अँगल ५५ अंश आहे. त्यांना पुन्हा चौथा स्टॅब हवा आहे. ५५ ला कॉलरचं ओझं भिंतीवर जास्त येणार, झोळही बदलणार, त्यामुळे या विहिरीचा १२ तसाच चालेल असं गृहीत धरता येत नाही. सोमवारी तीन टेकूंचं गणित झोळासकट पुन्हा करतो आणि मग त्यांच्याशी बोलतो.